जुन्या गाडीचं फाउंडेशन रबर पुन्हा पुन्हा का फाटतं, आणि हट्टी रबर निघत नसेल तर काय करायचं

नवं रबर टाकलं, काही महिने गाडी छान चालली, आणि मग पुन्हा तेच. क्लच सोडताना गाडी थरथरते, पहिल्या गिअरमध्ये दांडी हातात नाचते, इंजिन बंद करताना बॉनेटखालून धप्प असा आवाज येतो. जुनी गाडी सांभाळणाऱ्या बहुतेकांना हे चक्र ओळखीचं आहे. अशा वेळी पहिला दोष नव्या रबराला दिला जातो. माल कधीकधी खराब असतोच, त्याबद्दल खाली लिहिलंय. पण वारंवार फाटणाऱ्या रबरांच्या मुळाशी गेलं, की बहुतेक वेळा कारण रबरात सापडत नाही. ते रबर ज्या स्थितीत आवळलं गेलं, त्या स्थितीत सापडतं. ताणलेल्या किंवा पिळलेल्या अवस्थेत आवळलेलं रबर गाडी नुसती उभी असतानाही ओढलं जात असतं. त्यावर रस्त्याचा भार आला की ते किती टिकणार?

म्हणून इथे दोन्ही गोष्टी लिहितोय. जुनं, गंजलेलं, चिकटून बसलेलं रबर बाहेर कसं काढायचं आणि नवं बसवताना त्याच्यावर फुकटचा ताण कसा येऊ द्यायचा नाही. फाउंडेशन म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सखालची रबरं, आणि बुश किंवा सायलेंट ब्लॉक म्हणजे सस्पेन्शनच्या आर्ममधली, दोन लोखंडी नळ्यांच्या मध्ये रबर असलेली. दोघांची कामं वेगळी, पण मरण्याची कारणं बरीचशी सारखीच.

आधी खरंच रबरच गेलंय का ते बघा

फाटलेलं फाउंडेशन वरून बघून कळत नाही. इंजिनचं वजन त्याच्यावर बसलेलं असतं, त्यामुळे फाटलेले दोन्ही भाग एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात आणि रबर अखंड दिसतं. टॉर्च मारून "ठीक आहे" म्हणून सोडलेली कितीतरी फाउंडेशनं प्रत्यक्षात मधून पूर्ण सुटलेली असतात.

तपासायचं असेल तर इंजिन थंड असताना, बंद असताना, ऑइल पॅनखाली रुंद जाड फळी ठेवून जॅकनं इंजिन अगदी थोडं उचला, पाच-सहा मिलिमीटर पुरे. उचलताना एक डोळा रबरावर ठेवा. चांगलं रबर आधी लांबतं आणि लांबतच राहतं. फाटलेल्यात लोखंडी पत्रा आणि रबर यांच्यामध्ये एक काळी फट उघडते आणि जॅक सोडला की मिटते. फळी रुंद हवी, कारण पातळ पत्र्याच्या ऑइल पॅनला खालून दाब बसून खड्डा पडला तर आतली तेल ओढणारी जाळी तळाच्या अगदी जवळ असते, तिचं तोंड बंद होऊ शकतं. पॅन ॲल्युमिनियमचं असेल तर ते तडकतं. ड्रेन प्लगखाली जॅक कधीच लावू नका.

वरवरच्या बारीक भेगा दिसल्या म्हणून लगेच रबर बदलायची गरज नाही. त्या बहुतेक वेळा हवेतल्या ओझोनमुळे येतात, आणि ओझोनच्या भेगांची एक खूण असते: रबर ज्या दिशेनं ताणलं गेलंय, तिला त्या काटकोनात जातात. म्हणजे भेगा बघून रबर कुठल्या दिशेला ओढलं जातंय हेही समजतं. भेग किती खोल आहे ते महत्त्वाचं. नखानं उघडली तर आत काळं ताजं रबर दिसत असेल, तर ती पृष्ठभागावरची आहे. पण भेग लोखंड आणि रबर जिथे चिकटवलेलं असतं त्या जोडावरून चालली असेल, तर ते रबर संपलं.

कुठलं रबर आधी जातं, आणि का

रबर दाब सहन करतं, आडवा सरकताण बराच सहन करतं, सरळ ओढणं मात्र त्याला अजिबात मानवत नाही. गाडीच्या लांबीच्या दिशेनं उभ्या बसवलेल्या इंजिनाच्या, मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीत क्रँकशाफ्ट सहसा गाडीच्या पुढे उभं राहून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरते. तिच्या उलट दिशेनं इंजिन स्वतः वळू पाहतं, आणि त्यामुळे गाडीची डावी बाजू (सीटवर बसून पुढे पाहताना डावी) वर उचलली जाते. उजवं रबर दाबलं जातं, डावं ओढलं जातं. म्हणून डावं आधी फाटतं. रिव्हर्समध्ये हा हिशोब उलटा होतो.

ही ओढ किती असते याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो. इंजिन ९० न्यूटन-मीटरचं असेल आणि पहिल्या गिअरचं प्रमाण ३.६ असेल, तर पहिल्या गिअरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून जी प्रतिक्रिया रबरांवर टाकतात ती ९० ची नसते, ९० गुणिले ३.६ म्हणजे जवळजवळ सव्वातीनशे न्यूटन-मीटरची असते. चढावर क्लच घासत गाडी काढताना रबर का तुटतं, ते यावरून समजेल.

आडव्या, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेनं बसवलेल्या इंजिनाच्या गाड्यांत हाच भार वेगळ्या जागी येतो. १९५९ साली आलेल्या मिनीत इंजिनला मागे-पुढे डुलण्यापासून रोखणारी एक दांडी आहे, तिच्या दोन टोकांना छोटे रबर बुश असतात. ते बुश ढिले झाले की सगळं इंजिन डुलतं, क्लच थरथरतो आणि सायलेन्सरचा पुढचा पाइप जोडापाशी तडकतो. पाइप पुन्हा पुन्हा वेल्ड करणाऱ्यांनी आधी ती दांडी हलवून पाहावी.

इंजिन हलतं हे मुळात दोष नाहीच. पूर्वी ते बऱ्याच गाड्यांत थेट चेसिसला आवळलेलं असे आणि त्याची सगळी थरथर बसणाऱ्याच्या हाडांपर्यंत जाई. १९३१ मध्ये क्रायस्लरनं प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' या नावानं इंजिन रबरावर असं टांगलं, की ते स्वतःच्या वजनाच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेभोवती मोकळं डोलू शकेल. तेव्हापासून इंजिननं हलायचं आणि रबरानं ते हलणं गिळायचं, अशी वाटणी ठरली. याचा अर्थ इंजिनला जोडलेल्या प्रत्येक गोष्टीला, म्हणजे सायलेन्सर, केबल, होज, अर्थिंगची पट्टी यांना, तेवढी मोकळीक हवी. ती नसेल तर हलण्याचा सगळा राग रबरावर निघतो.

काढायच्या आधी

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन वर उचलताना काय काय ओढलं जाईल ते आधीच बघून ठेवा: रेडिएटरचे होज, हीटरचे होज, ॲक्सिलरेटरची दांडी किंवा केबल, स्पीडोमीटरची केबल, सायलेन्सरचा पुढचा जोड. डिस्ट्रिब्युटर मागच्या पत्र्याजवळ असेल तर त्याची टोपी इंजिन कलल्यावर पत्र्याला लागून फुटते, तीही आधीच काढून ठेवा. पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक पातळ प्लायवूड सरकवा. इंजिन पुढे सरकलं आणि पात्यांनी रेडिएटरच्या नळ्या फाडल्या, तर रबराचं काम बाजूला राहील.

गाडीखाली शिरायचं असेल तर गाडी घोड्यांवर, म्हणजे भक्कम स्टँडवर, टेकलेली हवी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणी जाऊ नये. इंजिन पेलायलाही एकट्या जॅकवर विसंबू नका, वरून आडवी टाकलेली सपोर्ट बार मिळाली तर उत्तम. तिच्यामुळे खालची जागाही मोकळी होते.

पान्याचा मुद्दा. अनेक जुन्या गाड्यांचे नट इंची मापाचे असतात. अर्ध्या इंचाच्या पान्याचा नट म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना जातो पण सैल बसतो, आणि गंजलेल्या नटावर जोर लावला की कोपरे गोल करून सोडतो. गाडीच्या काळाचे आणि देशाचे पाने घ्या, तेही सहा कोनी गोटी पाने, म्हणजे सॉकेट. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटावर सहज घसरते. बोल्टचंही तेच. पाच-सोळांश इंचाचा बोल्ट ७.९ मिमी जाडीचा, ८ मिमीचा बोल्ट हाताला तसाच लागतो, पण आटे वेगळे. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे गोड लागतो, मग अडतो, आणि तेव्हा जोर केला की आटे गेले.

फिरणारा स्टड

फाउंडेशनच्या कामातला सगळ्यात जास्त छळणारा प्रकार हाच. नट गंजलेला असतो. पाना लावला की नट फिरतो, पण त्याच्याबरोबर आतला स्टडही फिरतो, कारण स्टड रबरात चिकटवलेला असतो आणि रबर पीळ खात जातं. तुम्ही फेऱ्यामागून फेरे मारता, नट मात्र एक आटाही पुढे जात नाही.

आधी गंज सोडवणारं पातळ तेल. पण एकदाच ओतून लगेच पाना लावणं म्हणजे तेल वाया घालवणं. वायरच्या ब्रशनं उघडे आटे चकचकीत होईपर्यंत घासा, तेल लावा, हातोडीनं नटावर बाजूनं हलक्या टपल्या मारा, आणि असं दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ करा. गंजात शिरायला तेलाला वेळ लागतो आणि टपल्यांच्या हादऱ्यानं त्याला वाट मिळते. जे रबर राहणार आहे त्याच्यावर हे तेल उडू देऊ नका.

तरीही स्टड फिरत असेल, तर लक्षात घ्या की जुनं रबर तसंही टाकायचंच आहे. ते वाचवायची काहीच गरज नाही. धारदार सुरीनं किंवा करवतीच्या पात्यानं रबर मधून कापा. दोन भाग वेगळे झाले की स्टडचा चिकटवलेला लोखंडी पत्रा उघडा पडतो. त्याला व्हाइस ग्रिपची पकड घट्ट लावा, पकडीचं टोक चेसिसला टेकवा आणि मग नट सोडवा. आता पीळ रबरात न जाता सरळ आट्यांवर येतो. जागा असेल तर नट फोडायचं अवजार सगळ्यात स्वच्छ काम करतं. नटाच्या एका बाजूला त्याची पाचर शिरते, कट् असा आवाज येतो आणि नट सैल पडतो. ग्राइंडर लावायचा तर ठिणग्या कुठे जातात ते आधी पाहा, कारण फाउंडेशनच्या आसपास पेट्रोलची नळी असण्याची शक्यता मोठी असते.

ब्लॉकमध्ये शिरलेला बोल्ट तुटला तर घाई करू नका. त्याच्यावर नट ठेवून आतून वेल्ड केला तर वेल्डच्या उष्णतेनंच तो बरेचदा सुटतो. बरोबर मध्यावर सेंटर पंच मारून उलट्या फिरणाऱ्या ड्रिलनं भोक पाडलं, तर ड्रिल करता करताच तुकडा बाहेर येतो कधीकधी. तुटका बोल्ट ओढून काढायचा बारीक एक्स्ट्रॅक्टर जोरानं फिरवणं मात्र टाळा. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर त्याच्यावर साधं ड्रिल चालत नाही.

चिकटलेला बुश

आर्ममधला सायलेंट ब्लॉक काढणं हे वेगळ्याच संयमाचं काम आहे. बाहेरची लोखंडी नळी आर्मच्या डोळ्यात, म्हणजे गोल भोकात, दाबून बसवलेली असते आणि वर्षानुवर्षांच्या गंजानं ती आर्मचाच भाग झालेली असते. थेट हातोडा घालणं हा सगळ्यात वाईट मार्ग. आर्मला दोन कान असतील तर ते आत वाकतात, आणि वाकलेल्या आर्ममध्ये बसवलेला नवा बुश पहिल्या दिवसापासून तिरपा राहतो.

गॅसच्या ज्योतीनं रबर जाळून काढण्याची पद्धत सगळीकडे चालते. मी ती टाळतो. जळत्या रबराचा धूर फुप्फुसांना वाईट, आणि आत वायू साठून मधली नळी अचानक उडून बाहेर येऊ शकते, त्यामुळे बुशच्या सरळ रेषेत तोंड ठेवणं धोक्याचं. जवळ पेट्रोल, ब्रेकची नळी किंवा गॅस भरलेला शॉक ॲब्सॉर्बर असेल तर ज्योतीचा विचारही नको. त्याऐवजी रबरात ड्रिलनं गोलाकार भोकं पाडत जा. रबर चिवट असतं, ड्रिल मध्येच पकडून धरतं, म्हणून फेरे कमी ठेवा आणि ड्रिल सारखं बाहेर काढा. भोकं एकमेकांना मिळाली की मधली नळी आणि तिच्याभोवतीचं रबर ओढून निघतं.

आता राहते बाहेरची नळी. हॅकसॉचं पातं फ्रेममधून सोडवा, डोळ्यातून ओवा आणि पुन्हा फ्रेमला लावा, दात बाहेरच्या दिशेला. आतून नळीला एक उभी खाच कापायची आहे. इथे आपले डोळे आणि कान दोन्ही लागतात. नळीचा पत्रा कापताना आवाज पातळ आणि किरकिरा असतो. पातं तिच्या पलीकडे पोचायला आलं की खाचेच्या तळाशी तांबूस गंजाची बारीक रेघ दिसते. ती रेघ म्हणजे नळी आणि आर्म यांच्यामधला गंज. ती दिसली की तिथेच थांबा. त्याच्या पुढे कापलं तर आर्मच्या डोळ्यात चरा पडतो, आणि पुढे भेग जायची तर ती त्या चऱ्यातूनच जाते. नळी शेवटपर्यंत कापायची गरजही नसते. खाचेच्या कडेला बारीक छिन्नी लावून नळीची कड आत वाकवली, की तिची पकड सुटते आणि उरलेली धातूची पातळ पट्टी आपोआप तुटते. यानंतर ती हातोडीच्या दोन टपल्यांनी बाहेर येते.

प्रेस मिळाला तर चांगलंच, पण नसला तरी दांडी, नट आणि दोन गोट्यांनी काम होतं. एका बाजूला बुशच्या बाहेरच्या नळीपेक्षा किंचित लहान गोटी, दुसऱ्या बाजूला त्याहून किंचित मोठी नळी, आणि मधून आट्यांची दांडी. दांडी साध्या लोखंडाची घेऊ नका, उच्च ताकदीची घ्या, १०.९ किंवा त्याहून वरच्या ग्रेडची, १२ मिमीपेक्षा बारीक नको. आट्यांना भरपूर ग्रीस लावा, नटाखाली जाड वायसर, आणि जमलं तर एक थ्रस्ट बेअरिंग. बेअरिंगनं हाताचा निम्मा जोर वाचतो. आर्मच्या दोन कानांमध्ये बरोबर मापाचा लोखंडी तुकडा अडकवून मगच दाबा, म्हणजे कान वाकणार नाहीत.

नवं बसवताना

आधी डोळा स्वच्छ करा. बारीक पॉलिश पेपरनं सगळा गंज काढा आणि कडेला किंचित उतार द्या, म्हणजे बुश सरळ शिरतो. बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून आकुंचन पावतो, हे खरं आहे, पण किती? पोलाद एक अंशामागे दर मीटरला सुमारे १२ मायक्रॉन आकुंचन पावतं. ४० मिमी व्यासाचा बुश ४० अंशांनी थंड केला, तर तो फक्त दोन शतांश मिलिमीटर लहान होतो. तेवढ्यावर तो हातानं आत जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याच वेळी आर्म गरम हवेच्या बंदुकीनं शंभर अंशांच्या आसपास तापवला तर आणखी तीनेक शतांश मिळतात. ॲल्युमिनियमच्या आर्ममध्ये याच्या जवळजवळ दुप्पट. रबराला फ्रीझरची थंडी बाधत नाही, नैसर्गिक रबर ठिसूळ व्हायला उणे साठच्या आसपास जावं लागतं.

दाब नेहमी बाहेरच्या नळीवरच द्यायचा. मधल्या नळीवर किंवा रबरावर दिला तर रबराचा चिकट जोड आतल्या आत सुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. असा बुश नवा असूनही मेलेलाच असतो. रबरात चंद्रकोरीसारख्या पोकळ्या असतील तर त्या कुठल्या दिशेला हव्यात ते जुन्या बुशवरून आधीच खूण करून ठेवा. त्या पोकळ्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, एका दिशेला रबर मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक राहावं म्हणून.

वंगण म्हणून साबणाचं पाणी किंवा रबरासाठीचं वनस्पतिजन्य लाल ग्रीस. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल नैसर्गिक रबराला लावायचं नाही, ते रबर फुगवतं आणि मऊ करतं.

आवळण्याची वेळ

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि इथेच सगळ्यात जास्त घाई होते.

लोखंडाला चिकटवलेला सायलेंट ब्लॉक फिरत नाही, तो पीळ खातो. आतली नळी बोल्टनं आवळली की ती तिथेच पक्की होते आणि आर्मच्या वर-खाली होण्याचा सगळा पीळ रबर घेतं. आता समजा गाडी हवेत आहे, चाकं लोंबतायत, आणि त्याच स्थितीत बोल्ट आवळला. आर्म ३०० मिमी लांब असेल आणि चाक टेकल्यावर त्याचं टोक ८० मिमी वर येत असेल, तर गाडी जमिनीवर आली की बुश साडेपंधरा अंशांनी पिळलेला असतो. खड्डा अजून आलेलाच नाही. असा बुश काही महिन्यांत फाटतो, आणि वर गाडी आपल्या नेहमीच्या उंचीपेक्षा थोडी वर बसते, कारण पिळलेलं रबर आर्मला खाली ढकलत असतं.

म्हणून सगळे बोल्ट आधी फक्त बसवा, आवळू नका. चाकं लावा, गाडी जमिनीवर किंवा चाकांखाली भक्कम ठोकळे ठेवून तिच्या स्वतःच्या वजनावर आणा. पुढून-मागून चारदा दाबून सोडा, थोडी पुढे-मागे ढकला. सस्पेन्शन स्थिर झालं की मग टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्यानं, आवळा. आत हात जात नाही, हे खरंय. तरी हीच पद्धत.

फाउंडेशनचंही असंच आहे, फक्त तिथे पीळ नसून ओढ असते. नवं रबर ठेवा, सगळे बोल्ट हातानं चार आटे घ्या, गिअरबॉक्सचं रबरही त्याच वेळी सैल ठेवा, सायलेन्सरचे क्लॅम्प सैल करा. मग जॅक हळूहळू सोडा, इंजिनचं पूर्ण वजन रबरांवर येऊ द्या, इंजिन दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे डोलवा. ते आपली जागा शोधतं. आता बोल्ट भोकांतून बोटांनी फिरले पाहिजेत. भोकं जुळवायला कटावणी लागत असेल तर थांबा, कारण कटावणीनं जेवढं सरकवलं तेवढीच ओढ आयुष्यभर त्या रबरात राहणार आहे. अशा वेळी बहुधा ब्रॅकेट वाकलेलं असतं, चेसिसचा आडवा भाग जुन्या धडकेत सरकलेला असतो, नाहीतर गिअरबॉक्सखालचं रबर बसलेलं असतं आणि सगळं इंजिन मागून खाली झुकलेलं असतं. वारंवार एकाच बाजूचं रबर फाटत असेल तर ब्रॅकेट काढून सपाट फरशीवर ठेवा आणि दुसऱ्या बाजूच्या ब्रॅकेटशी ताडून बघा. बाजू सारख्या नसतील तर फरक पट्टीनं मोजा. तीन-चार मिमीचा फरकही पुरतो.

आवळण्याचा क्रम: आधी दोन्ही पुढची रबरं, मग गिअरबॉक्स, आणि सगळ्यात शेवटी सायलेन्सर. सायलेन्सर आधी आवळला तर तोच इंजिनला एका बाजूला ओढून धरतो. गिअरबॉक्सचं रबर पुन्हा पुन्हा जात असेल तर मी आधी सायलेन्सरचे क्लॅम्प सोडून बघतो. पाइप सोडताक्षणी झटक्यानं बाजूला सरकला, तर कारण सापडलं.

अर्थिंगची पट्टी विसरू नका. रबर वीज वाहून नेत नाही, त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांच्यातली वाट म्हणजे ती पट्टी. ती लावायची राहिली, की स्टार्टरचा सगळा करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून लाल होते.

रबराचा माल

जोडीनं बदला. एका बाजूला नवं उंच रबर आणि दुसऱ्या बाजूला बसलेलं जुनं, अशी गाडी चालवली तर इंजिन कायमचं कललेलं राहतं.

"मूळ कंपनीचं, कधीच न वापरलेलं" म्हणून वर्षानुवर्षं खोक्यात पडलेलं रबर मी घेत नाही. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. साठवणीसाठीच्या आयएसओ २२३० या मानकात नैसर्गिक रबराच्या वस्तूंना सुरुवातीची साठवण ५ वर्षं, तपासून आणखी २ वर्षं दिली आहेत, तीही थंड, अंधाऱ्या जागेत. चाळीस वर्षांचं खोकं कितीही सुंदर असलं तरी आतलं रबर रस्त्यावर टिकेल असं धरून चालू नका.

पॉलियुरेथेनचे बुश तेलाला दाद देत नाहीत आणि ते पीळ न खाता नळीवर सरकतात, म्हणून त्यांना जमिनीवर आणून आवळायची अट तितकी कडक नाही. पण ते थरथर आत पाठवतात, ग्रीस सुकलं की कुरकुरतात. सस्पेन्शनमध्ये चालतील. इंजिनखाली मात्र मला रबरच योग्य वाटतं. एका बाजूला कडक पॉलियुरेथेन आणि दुसऱ्या बाजूला मऊ रबर असं मिश्रण तर करूच नये, सगळा भार कडक बाजूच्या ब्रॅकेटवर जातो.

आणि तेल. फाउंडेशनवर वरून तेल ठिबकत असेल तर कितीही चांगलं रबर टाका, ते फुगून स्पंज होणार. तेल बहुधा टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून, टायमिंग कव्हरमधून, पेट्रोल पंपाच्या बैठकीतून किंवा ऑइल फिल्टरच्या जोडातून येतं. आधी ती गळती बंद करा, नंतर रबर. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूच्या रबरावर मूळचा पत्र्याचा आडोसा असेल तर तो परत लावा. बरेचदा तो कधीतरी काढून फेकलेला असतो, आणि त्या बाजूचं रबर दर वेळी कडक होऊन का तडकतं याचा पत्ता लागत नाही.

नंतरची तपासणी

सुरुवातीच्या काळात नवं रबर भाराखाली थोडं बसतं. काहीशे किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा, सस्पेन्शनचे गाडी जमिनीवर असतानाच. आवळल्यावर प्रत्येक नटावर आणि शेजारच्या धातूवर मिळून एक रंगाची रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी खाली वाकून नुसतं पाहिलं तरी नट हललाय का ते कळेल. पंखा आणि रेडिएटर यांच्यातलं अंतर, ॲक्सिलरेटरच्या केबलचा सैलपणा आणि क्लचची मोकळीकही बघा, कारण नवं रबर उंच असल्यानं इंजिन वर आलेलं असतं आणि ही सगळी मापं थोडी बदललेली असतात. रेघा जागच्या जागी आहेत, रबरं शाबूत आहेत, आणि तरीही गिअर टाकताना धप्प आवाज येतोय, तर आता प्रोपेलर शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट हातानं पिळून बघा.